बाहीला थोडासा कापूस

वर्गात हायकू वाचायचा असला की राणेबाई आधी पंखा बंद करायच्या. मार्च संपत आलेला असो, वर्गभर पोरं घामानं निथळत असोत, बाई दाराजवळचं बटण खट्‌कन बंद करणार आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहणार. "एवढ्या घरघरीत तीन ओळी ऐकू यायच्या नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवत असे. भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली की मी समजायची, बाईंनी आज हायकू काढला.

परळच्या आमच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, त्यामुळे त्या मला "कुंदा, अगं" म्हणत आणि मी त्यांना शेवटपर्यंत "बाई, तुम्ही". अंगानं किरकोळ, साडी कायम सुती, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेले खडू. मी गिरगावातली, तोंडानं फटकळ. कवितेचं मला वावडं नव्हतं, पण यमक नाही, चाल नाही, तीन ओळींत कारभार आटोपला, ही कसली कविता? पहिल्याच महिन्यात त्यांनी मला स्टाफरूममध्ये एक हायकू ऐकवला होता, त्यांचा स्वतःचा:

बंद छत्री—
जिन्याच्या पायरीवर
लहानसं तळं

मी म्हटलं, "छत्री गळतेय. बरं, पुढे?"

"पुढे काही नाही. तू तिथे उभी राहा."

"कुठे?"

"जिन्यात. आता मला सांग, उजेड कुठून येतोय? वास कसला येतोय? आणि आत्ता तिथून कोण गेलं?"

हे त्यांचे तीन प्रश्न. कुठलाही हायकू असो, कुणाचाही असो, अर्थ विचारायचा नाही, हे तीन प्रश्न विचारायचे. मी म्हटलं, उजेड वरच्या झरोक्यातून, वास ओल्या लाकडाचा, आणि गेलं कोण ते मला काय ठाऊक?

"ठाऊक नसू दे. पण कुणीतरी गेलंय ना? छत्री बाहेर ठेवली, आत गेलं, दार लावून घेतलं. तळं साचलंय म्हणजे बराच वेळ झाला. इतका वेळ आत काय चाललं असेल? नुसतं भेटायला आलंय, की काही सांगायला आलंय?" बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगते, ते मला मुळीच आवडलं नाही. मी बोटांवर अक्षरं मोजून म्हटलं, "बाई, पाच-सात-पाच कुठे होतायत?"

"मोजत बस तू. तोवर छत्री वाळेल," म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

मुलांना मात्र हे वेड लागलं होतं. माझ्या त्रैराशिकावर कुणी असा जीव टाकला नाही. एकदा मी पाठनिरीक्षणासाठी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. पंखा थांबला. बाईंनी फळ्यावर लिहिलं:

सुटलेली शाळा—
नळाखाली भिजतेय
लाल रिबीन

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तिची आई तिला ओरडेल." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बघा रे, या तीन ओळींत आई आहे का? नाही. मुलगीसुद्धा नाही. हिनं दोघींना आणलं. नळ टपकत होता तो तुम्हाला ऐकू आला का? आता येईल." आणि काय सांगू, मला तो ऐकू आला. चित्र एवढंच काढायचं की बघणाऱ्याला उरलेली जागा दिसली पाहिजे, आणि त्या जागेत हवा खेळली पाहिजे, असं त्या सांगायच्या. उदास, एकाकी, हुरहुर असले शब्द कुणी वहीत लिहून आणले की लाल पेनानं काट. "हुरहुर लिहून दाखवू नकोस. रिबीन दाखव. हुरहुर वाचणाऱ्याची त्याला होऊ दे." आणि एक नियम तर अगदी देवाच्या आज्ञेसारखा: जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते हायकूत लिहायचं नाही.

बाई स्वतः मात्र जन्माच्या काळजीखोर. कुलूप लावून जिना उतरल्या की परत वर जाऊन ओढून बघणार. सहलीला गेलो की पोरांची डोकी मोजून मोजून माझंही डोकं फिरवणार. वेळी-अवेळी पोस्टमन दिसला की आधी त्यांचा चेहरा उतरायचा, मग पत्र कुणाचं ते बघायच्या. जिन्यात पावलं वाजली की बोलणं थांबवून ऐकायच्या, आणि कोण येतंय ते बिनचूक सांगायच्या. मी चिडवायची, "बाई, तुम्ही हायकू कुठे लिहिता, तुम्ही तर काळजीच करता तीन ओळींत." यावर त्या रागावल्या नाहीत. "काळजी करणाऱ्याला बारीकसारीक दिसतं गं," म्हणाल्या. "ते कुठेतरी ठेवायला नको का?"

दादरच्या एका हॉलमध्ये त्या मला हायकूंच्या कार्यक्रमाला घेऊन गेल्या होत्या, तेही सांगून टाकते. नाव मिळवलेले एक कवी होते. ते हायकू म्हणायचे, मग पाच मिनिटं त्याचा अर्थ सांगायचे, मग पुन्हा म्हणायचे. त्यातला एक असा होता की जीवन हा पाण्यावरचा बुडबुडा आहे, आता होता आता नाही. टाळ्या पडल्या. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "पाणी कुठलं?" मी म्हटलं, "काय?" "अगं, पाणी कुठलं? विहिरीचं, बादलीतलं, मोरीतलं? मोरीतलं असेल तर मग कुणीतरी आत्ताच भांडी घासून गेलंय." त्यांना वाटलं त्या कुजबुजतायत. पुढच्या तीन रांगा मागे वळून बघत होत्या. कवींनी थांबून "कुणाला काही शंका?" असं विचारलं, तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि खरोखर विचारलं. कवी म्हणाले, पाणी हे प्रतीक आहे. "असं होय," म्हणून बाई खाली बसल्या, आणि परतीच्या बसमध्ये भायखळा येईपर्यंत अस्वस्थ होत्या. "ज्या पाण्यात हात घालता येत नाही, त्यात बुडबुडा तरी कसा येईल?"

मग गिरण्यांचा संप आला.

बाईंचे यजमान वसंतराव गिरणीच्या साचेखात्यात होते, मागावर कापड विणायचे. उंच, अबोल, मालवणाकडचे. भेटले की "काय, बरं आहे ना?" यापुढे गाडी जायची नाही. घोडपदेवला त्यांची चाळ, दुसऱ्या मजल्यावर खोली. चाळीत निम्म्याहून जास्त गिरणीवाले. सुरुवातीला वातावरण जत्रेचं होतं; महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणत होते. मग बायकामुलांना गावी धाडलं, मग पुरुषही जायला लागले. खोल्यांना कुलुपं दिसू लागली. बाईंचा पगार होता म्हणून त्यांचं घर टिकून होतं, आणि वसंतराव संपाचे कट्टर. "मेलो तरी आत पाय ठेवणार नाही," एवढं एक लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

चाळीच्या दाराशी मंडळाचा फळा होता. अक्षर चांगलं म्हणून तो लिहायचं काम बाईंकडे. वर्षानुवर्षं त्यावर सुविचार असायचा, आणि सुविचारांचा बाईंना मनस्वी कंटाळा. संपात फळ्याच्या डाव्या अंगाला सभा कुठे, मोर्चा कधी, हे संपाच्या कमिटीतले तुकाराम परब सांगत ते लिहायचं, आणि उजवी बाजू बाईंची. एका सकाळी बाईंनी तिथे लिहिलं:

भरदुपार—
गॅलरीत ओळीनं
पुरुषांच्या चपला

मला वाटलं होतं, लोक हसतील. पण गिरणगावात भरदुपारी पुरुषांच्या चपला दाराशी असणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगायला नको होतं. परब फळ्यापुढे उभे राहून म्हणाले, "बाई, माझी चप्पल आहे ह्यात." बाईंच्या तोंडावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. मग रोज एक हायकू. गिरणीचा भोंगा वाजत नाही, तरी पहाटे कुणाच्या तरी घरात स्टोव्ह पेटवायला काडी ओढल्याचा आवाज येतो, असा एक होता. लोक थांबून वाचायचे. बाई शाळेतून येताना दिसल्या की कुणीतरी अडवायचं आणि बाई तिथेच, रस्त्यात, तीन प्रश्न विचारायच्या. उजेड कुठून येतोय? वास कसला? आत्ता कोण गेलं? परब म्हणायचे, "बाईंनी आमची पण शाळा भरवली."

पण दिवस वाईट येत चालले होते. गणपती सुनेसुने गेले. दिवाळी तोंडावर आली तरी मिटायचं चिन्ह नाही. काही गिरण्यांच्या फाटकांतून पोलिसांच्या गाड्यांतून माणसं आत नेतायत, अशा बातम्या यायच्या. आत जाणाऱ्याचं नाव कळलं की त्याची खैर नव्हती. पलीकडच्या वाडीत एकाच्या तोंडाला काळं फासून त्याला गल्लीभर फिरवला होता. दुसऱ्या एकाला पुलाखाली इतका मारला की तो कायमचा लंगडा झाला. बाई स्टाफरूममध्ये डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. "हे रोज सकाळी जातात. कमिटीत जातो म्हणतात. दिवे लागेपर्यंत येत नाहीत. जीव नुसता टांगणीला लागतो गं."

सहामाहीचे पेपर तपासायला मी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. चाळीच्या दाराशी फळ्यापुढे पाच-सहा माणसं उभी होती. परबांनी मला ओळखलं. म्हणाले, "बाई, तुम्ही पण शाळेतल्याच. ह्यातलं ऊन कुठल्या बाजूचं असेल?"

मी घाईनं वाचलं.

सकाळचं ऊन—
खुंटीवरच्या बाहीला
थोडासा कापूस

"मला नाही हो कवितेतलं कळत," मी म्हटलं. "मी गणिताची."

"गणितच हाय ह्ये," मागून एक तरणा माणूस म्हणाला. कुणी हसलं नाही.

मला काही उमगलं नाही. वर गेले, जमिनीवर पेपरांचे गठ्ठे मांडून बसलेल्या बाईंना कौतुकानं म्हटलं, "तुमच्या फळ्यापुढे आज ही गर्दी! ऊन कुठल्या बाजूचं म्हणून विचारत होते मला."

बाईंचं पेन थांबलं. मला वाटलं, खुलतील. त्या एकदम पांढऱ्याफटक पडल्या.

"सकाळचं ऊन फक्त आमच्या ओळीला येतं, कुंदा," त्या म्हणाल्या. "आणि या ओळीत गिरणीवाले आता आम्हीच राहिलोय."

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. शर्ट खुंटीवर, म्हणजे घालणारा काल कामावरून आला. बाहीला कापूस, म्हणजे काम कापडाचं. गिरण्या तर बंद. मग हा कुणाच्या बाहीला, कुठून आला? बाईंनी शिकवलेले प्रश्न त्या माणसांनी एकामागून एक विचारले होते आणि ते दुसऱ्या मजल्यावर येऊन पोचले होते.

"बाई, तुम्ही तो खरंच पाहिलात?"

"पाहिला म्हणून तर लिहिला ना! सकाळी डोळे उघडले, शर्टावर ऊन आलं होतं आणि बाहीला कापूस चिकटला होता. लग्न झाल्यापासून रोज तो कापूस झटकलाय मी. इतक्या महिन्यांनी दिसला तर बरं वाटलं गं नुसतं. खाली गेले आणि लिहून आले. हा आला कुठून, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही." त्या उठल्या, परत बसल्या. "शर्ट मीच धुतलाय परवा. म्हणजे हे कालच कुठेतरी गेले. आज पण तिथेच असतील. आत जात असतील का गं?"

"जाऊन पुसून टाका."

"पुसला तर कबूलच केलं की."

खरंच होतं ते. खाली बोलण्याचा आवाज वाढत होता. बाई दारापाशी जायच्या, गॅलरीतून वाकून बघायच्या, आत यायच्या. उन्हं उतरली, वसंतराव यायची वेळ झाली. ते कुठल्या बाजूनं येतील हे माहीत नाही, कुठे गेलेत हे माहीत नाही, निरोप धाडायचा तर कुणाला? जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघी दाराकडे बघायचो. "हे नव्हेत," बाई म्हणायच्या, आणि ते कुणी दुसरंच असायचं. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं आणि त्यांना एकटं सोडवत नव्हतं. एकदा त्या माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांनी बरोबर वाचला गं. अगदी बरोबर वाचला." आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण शपथेवर सांगते, भीतीच्या आड जरासा अभिमानही होता.

खालून हाक आली. "बाई, जरा खाली येताय?"

त्या उतरल्या, मागोमाग मी. आता पंधरा-वीस माणसं होती. परब पुढे. बाईंशी बोलताना ते नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे, त्या दिवशी नाही बोलले. "बाई, हो शर्ट कोणाचो?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलंय. "कुणाचाच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"अहो, कविता आहे ती. कवितेत काय, मनाला येईल ते लिहितात."

"पण तुम्हीच सांगायचात, बघितल्याशिवाय लिहायचा नाय."

"मुलांना सांगायला ठीक असतं हो ते."

"म्हंजे ही खोटी?"

मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांचे हात पदराआड होते आणि पदर हलत होता. त्या म्हणाल्या, "खोटी. साफ खोटी आहे."

परब मोठ्यानं हसले. "अरे, बाईन गंडवल्यान रे आमका!" ते हसले तसे दुसरे हसले, मग सगळेच. तो मागचा तरणा माणूस काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. बाईसुद्धा हसल्या. तसलं हसू मी कुणाच्या तोंडावर परत पाहू नये अशी माझी इच्छा आहे. आणि तेवढ्यात कोपऱ्यावर वसंतराव दिसले. परबांनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. "राणे, तुझ्या बायकोनं आज तुला फुकट मार खायला लावला असता." वसंतरावांनी फळा वाचला. शर्टाच्या बाह्या सावकाश कोपरापर्यंत दुमडल्या आणि जिना चढले.

वर आल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला. "भिवंडी."

तिथल्या यंत्रमागांवर बंद गिरण्यांचं कापड विणून घेतलं जात होतं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. फाटकातून आत जाणं आणि भिवंडीला जाणं, संपवाल्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. बाई म्हणाल्या, "मला सांगायचं तरी." ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं." यावर बाई काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही, कारण मी पेपर उचलून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार होता. प्रयत्नांती परमेश्वर.

त्यानंतर राणेबाईंनी एकही हायकू लिहिला नाही. शिकवत राहिल्या. पंखा बंद करायच्या, तीन प्रश्न विचारायच्या, पण दुसऱ्यांच्या हायकूंवर. मुलं म्हणायची, बाई, तुमचा सांगा ना. "मला सुचत नाही रे आता." एका छोट्या मासिकाचे संपादक दोनदा शाळेत येऊन गेले, त्यांनाही हेच उत्तर. मला राहवलं नाही, एकदा विचारलंच. म्हणाल्या, "कुंदा, मी वीस लोकांसमोर ते खोटं म्हटलं. आणि त्यांनी मानलं. आता मी काही पाहिलं असं लिहिलं, तर ते पाहिलं होतं हे कशावरून?" मी म्हटलं, तुम्ही नवऱ्याचा जीव वाचवलात. "ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट नाही वाटत. पण झालं ते झालं."

काळजी तेवढी सुटली नाही. वसंतराव आणखी काही महिने भिवंडीला जात राहिले, आणि बाई खिडकी लावून घेऊन त्यांचे कपडे झटकत राहिल्या. संप कुणी मिटवला नाही, तो विरत गेला. वसंतरावांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. ते एका छापखान्यात पॅकिंगला लागले. चाळीतले गावी गेलेले काही परत आले, बरेच आले नाहीत. गिरणीची धुराडी तशीच उभी होती. बाई तिकडे बघायच्या नाहीत.

पुष्कळ वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. मी तोवर पर्यवेक्षिका झाले होते, निरोपसमारंभ माझ्याच गळ्यात. शाळेच्या हॉलमध्ये जुने विद्यार्थी आले, मंडळातर्फे शाल-श्रीफळ घेऊन परब आले. केस पांढरे, हातात काठी. भाषणं झाली. सगळ्यांनी पंख्याचा किस्सा सांगितला. मग कुणीतरी आग्रह केला की राणेसाहेबांनी दोन शब्द बोलावेत. बाई हळूच म्हणाल्या, "ते नाही बोलत." पण वसंतराव उठले.

माईकपासून हातभर लांब उभे राहून ते म्हणाले, "मला बोलता येत नाही. एकच सांगायचं राहिलंय. संपाच्या वेळी हिनं फळ्यावर एक कविता लिहिली होती. मग खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, ही खोटी आहे. ती खरी होती. शर्ट माझा होता. मी भिवंडीला जायचो." मग म्हणाले, "ती कधी खोटं लिहीत नव्हती. एवढंच."

हॉलमध्ये बऱ्याच जणांना कशाचा काही संदर्भ लागला नाही. मी बाईंकडे बघत होते. त्या खुर्चीच्या अगदी कडेला आल्या होत्या, त्या दिवशी गॅलरीत यायच्या तशा. डोळे परबांवर. त्या वयातसुद्धा त्यांना भीती वाटत होती, इतक्या वर्षांनी, त्या म्हाताऱ्या माणसाची.

परब पहिल्या रांगेतून बसल्याबसल्याच म्हणाले, "आमका ठावक होतां रे."

वसंतराव परबांकडे वळले.

"माझा धाकटा भाऊ भिवंडीला तुझ्याच गाडीला असायचा," परब म्हणाले. मग बाईंकडे वळून, शाळेतलं मराठी काढून म्हणाले, "बाई, तुमचे हात कापत होते. मी हसलो नसतो तर मागची पोरं वर खोलीत चढली असती. म्हणून मी आधी हसलो."

"म्हणजे तुम्हाला ते खरं वाटलंच होतं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा लागला नाही.

"वाटायचं काय त्यात? सकाळचं ऊन, बाहीला कापूस. स्पष्टच दिसत होतं की."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कसं सांगणार, बाई? तेव्हा खरं कुणालाच परवडत नव्हतं."

"आणि नंतर? सगळं संपल्यावर? रोज तर दिसायची मी तुम्हाला!"

परबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "नंतर," ते म्हणाले, "नंतर कुणाच्या लक्षात राहिलं, बाई?"

बाईंच्या खांद्यावरची शाल घसरली, ती त्यांनी सावरली नाही. मी घाईघाईनं आभार उरकले आणि पेढे वाटायला लावले. लोक भोवती जमले, पाया पडले. बाई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या, पण बघत कुणाकडेच नव्हत्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. वसंतरावांच्या हातात हार, पुष्पगुच्छ, नारळ. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही बसनं जा. मी चालत येते." मग माझ्याकडे वळून एवढंच बोलल्या, "कुंदा, मी लिहिलं असतं गं. इतकी वर्षं मी लिहिलं असतं."

आणि चालायला लागल्या. बस आली तरी वसंतराव चढले नाहीत. काही वेळ तिथेच उभे राहिले, मग तो सगळा पसारा छातीशी धरून बाईंच्या मागून निघाले, जवळ न जाता, थोडं अंतर ठेवून. लालबागच्या दिशेनं दोघं दिसेनासे होईपर्यंत मी फाटकात होते. बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.